आम्हाला मेजर म्हणून निरोप द्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

वारासिवनी, जिल्हा बालाघाट (मध्य प्रदेश)

प्रति,
माननीय श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

महोदय,



16 डिसेंबर 2004 च्या आधी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची मुदत पुरी करून कॅप्टन म्हणून घरी परतलेल्या अधिकाऱ्यांना मेजरचा मानद हुद्दा द्यावा, ही मुख्य मागणी घेऊन मी आपल्याला लिहितो आहे. पगाराची थकबाकी नको, पेन्शन नको, ज्येष्ठता नको. सेवेच्या नोंदीत एक ओळ बदलावी आणि तसे पत्र त्या अधिकाऱ्याच्या घरी पोचावे, एवढेच मागणे आहे.

हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवतो आहे. जाहीर पत्र मराठीत लिहिले, कारण 1956 पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. राज्य पुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तरी वारासिवनी, कटंगी, लांजीकडच्या घरांत मराठी आणि पोवारी अजून बोलली जाते आणि आमच्या सोयरिकी गोंदिया-भंडाऱ्याकडेच होतात. ज्यांची बाजू मी मांडतो आहे त्यातले कितीतरी जण विदर्भातले आहेत, साताऱ्या-कोल्हापूरचे आहेत. त्यांनी हे पत्र वाचावे आणि आपापल्या खासदारापर्यंत न्यावे, अशी माझी इच्छा आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. 1979 साली मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून मी पायदळात दाखल झालो. पाच वर्षांची मुदत होती, ती पुढे पाच वर्षांनी वाढली. 1989 मध्ये कॅप्टन म्हणून बाहेर पडलो. त्यानंतर नियमाप्रमाणे राखीव अधिकाऱ्यांत नाव राहिले. बोलावणे आले तर बॅग भरून निघायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. ते आले नाही. मी धानाची शेती केली, मुले शिकवली. गावात मला ‘कप्तान साहेब’ म्हणतात आणि त्या नावाने हाक मारली की मला आजही बरे वाटते. तेव्हा हे पत्र रुसव्यातून आलेले नाही.

आता अडचण काय ती सांगतो. आमच्या काळात वेळश्रेणीने मेजर व्हायला अकरा ते तेरा वर्षांची सेवा लागायची. शॉर्ट सर्व्हिसची मुदत मात्र पाच अधिक पाच, म्हणजे जास्तीत जास्त दहा वर्षांची. माणूस कितीही लायक असो, त्याने कॅप्टन ते मेजर या पायरीसाठी लागणारी पार्ट बी परीक्षा पास केलेली असो, त्याचे गोपनीय अहवाल उत्तम असोत, त्याची नोकरी मेजरच्या दारात पोचण्याआधीच संपायची. काहींना कंपनी हाती असेपर्यंत कार्यवाहक मेजरची चिन्हे लावायला मिळत. जबाबदारी गेली की खांद्यावरची सिंहमुद्रा उतरे आणि तीन तारे परत येत. बाहेर पडताना कागदावर राही तो मूळ हुद्दा, कॅप्टन.

काम मात्र मेजरचेच असायचे. पायदळाची कंपनी म्हणजे सुमारे सव्वाशे माणसे आणि ती सांभाळणे हे मेजरचे काम, असे सैन्याच्या आस्थापनेतच लिहिलेले असते. पण अधिकाऱ्यांची चणचण तेव्हाही होती. एखादा मेजर कोर्सला जायचा, एखादा बदलून जायचा, एखादा आजारी पडायचा, आणि कंपनी चौथ्या-पाचव्या वर्षाच्या शॉर्ट सर्व्हिसवाल्याच्या हातात यायची. ती त्याने सांभाळली नाही असे कुठे झाल्याचे मला आठवत नाही.

एक हिवाळा सांगतो. कुपवाडा जिल्ह्यात, नियंत्रण रेषेवर, आमची कंपनी होती. डिसेंबरात बर्फ पडले की खालची वाट एप्रिलपर्यंत बंद. डाळ, तांदूळ, आटा, केरोसीन, बॅटऱ्या, औषधे, सगळे बर्फाआधी खेचरांवरून आणि पाठीवरून वर चढवून ठेवायचे. आमचे मेजर साहेब नोव्हेंबरात बदलून गेले. त्यांच्या जागी येणारे अधिकारी खालीच अडकले आणि कंपनी माझ्याकडे आली. मी पंचविशी नुकती ओलांडलेली. केरोसीन किती दिवस पुरेल, बुखारी रात्री किती वाजता विझवायची, कुणाच्या पायाची बोटे काळी पडू लागली आहेत, घरी बाप वारल्याचा निरोप ज्याला वायरलेसवर आला त्याला आता खाली पाठवता येत नाही हे कसे सांगायचे, हे सगळे निर्णय माझे. विचारायला वर कुणी नाही असे नव्हे. सीओ साहेब सेटवर होते. पण सेटवर हवामान ऐकू येत नाही. पाऊल टाकायचे की नाही, हे जागेवरच्या माणसानेच ठरवायचे असते.

जानेवारीत दोन चौक्यांमधली गस्त परतत असताना उतार सरकला. चौघे निघाले, एक नाईक राहिला. सातारा जिल्ह्यातला होता. आम्ही बेलचे आणि लांब काठ्या घेऊन शोधत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला, हातमोजा अर्धा निघालेला. त्याच्या वडिलांना पत्र लिहायचे काम कंपनी कमांडरचे. मी ते मराठीत लिहिले. मुलगा कुठे होता, काय करत होता, त्याच्याबरोबर कोण होते, त्याला शोधायला कोण कोण गेले, हे सगळे लिहिले. खाली सही केली आणि सहीखाली जे खरे ते लिहिले : कॅप्टन, ऑफिसिएटिंग कंपनी कमांडर. बर्फ वितळल्यावर त्यांचे उत्तर आले, पोस्टकार्डावर, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचे. मायना होता, ‘मेजर साहेबांस’. त्या बापाच्या हिशेबी आपल्या मुलाच्या कंपनीचा मोठा साहेब मेजरच असणार. पत्रात कॅप्टन लिहिलेले त्याने वाचले असेलच, पण त्याच्या मुलाचे मरण ज्याने खांद्यावर घेतले तो कोण, हे त्याने आपल्यापुरते ठरवले होते.

ते पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. ते पुरावा म्हणून पुढे करण्याचा माझा विचार नाही. तो हिवाळा एकट्या माझ्या वाट्याला आला असेही नाही. माझ्या तुकडीतले कितीजण नागालँडमध्ये, मिझोराममध्ये, सियाचीनच्या पायथ्याशी, श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर अशाच कंपन्या सांभाळत होते. त्यातले काही परत आले नाहीत. जे आले ते कॅप्टन म्हणून आले.

माझ्या बहिणीचा मुलगा नागपूरला असतो. तोही शॉर्ट सर्व्हिसमधूनच पायदळात गेला, 2010 साली. 2016 मध्ये मेजर झाला, 2020 मध्ये दहा वर्षे पुरी करून बाहेर पडला. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा आम्ही दोघांनी आपापले कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. माझी सेवा दहा वर्षे, त्याची दहा वर्षे. माझी पार्ट बी पास, त्याचीही. मी कंपनी सांभाळली, त्यानेही सांभाळली. माझ्या कागदावर कॅप्टन, त्याच्या कागदावर मेजर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, मला हे नीट वाटत नाही.” मला त्याच्या मेजरकीचा अभिमान आहे आणि ती त्याने पुरेपूर कमावलेली आहे. म्हणूनच तर त्याच कामाची माझ्या पिढीची मोजणी वेगळी का, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो.

उत्तर आपल्या मंत्रालयातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारगिलनंतर अजय विक्रम सिंह समिती नेमली गेली. अधिकारी एकाच हुद्द्यावर वर्षानुवर्षे अडकून राहतात, पलटणींचे कमांडर वयाने फार मोठे असतात, तरुण अधिकाऱ्यांना पुढे काही दिसत नाही, या दुखण्यांवर तिने उपाय सुचवले. त्यातला पहिला टप्पा 16 डिसेंबर 2004 पासून लागू झाला. कॅप्टन दोन वर्षांत, मेजर सहा वर्षांत, लेफ्टनंट कर्नल तेरा वर्षांत. निर्णय उत्तम होता. आमच्यातल्या कुणालाही त्याबद्दल आनंदच वाटला.

पण तो लागू झाला फक्त त्या दिवशी वर्दीत असलेल्यांना. त्या सकाळी सहा वर्षांहून जास्त सेवेचे कॅप्टन देशभर मेजर झाले. जो कॅप्टन दहा वर्षे पुरी करून महिनाभर आधी घरी गेला होता तो जन्मभर कॅप्टन राहिला. 16 डिसेंबर हा आपला विजय दिवस. 1971 च्या त्या विजयात पासष्टच्या आसपास कमिशन घेतलेले कितीतरी तात्पुरते, मुदतीचे अधिकारी लढले होते, आणि तीच तारीख त्यांच्या मागे दार लावून घेणारी ठरली.

मी याआधी एका कार्यालयाकडे अर्ज केला होता. उत्तर आले की त्या वेळच्या नियमांप्रमाणे सर्व काही योग्यच झाले आहे. ते बरोबर आहे आणि माझ्यावर बेकायदा अन्याय झाला असे मी कधी म्हटलेलेही नाही. प्रश्न पुढचा आहे. जुना नियम चुकीचा होता, सहा वर्षांची जबाबदारी मेजरच्या तोलाची असते, हे सरकारने 2004 मध्ये स्वतःच मान्य केले. मग ते मान्य केल्यावर जुन्या नियमाखाली तीच जबाबदारी उचललेल्यांचे काय, याचे उत्तर नियमपुस्तकात सापडणार नाही. ते आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

तारखेची रेघ ओढून सारख्या माणसांचे दोन वाटे करू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 रोजी नकारा खटल्यात सांगितले. तो निकाल पेन्शनबद्दलचा होता, हुद्द्याबद्दलचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. कायद्याच्या पातळीवर दोन्ही सारखे आहेत असा दावा मी करत नाही. पण त्यामागची समज एकच आहे. मानद नायब सुभेदार हुद्दा मिळालेल्या हवालदारांना त्या हुद्द्याची पेन्शन 2006 पासून निवृत्त होणाऱ्यांपुरतीच ठेवली होती. आधी निवृत्त झालेले हवालदार सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेले आणि तारखेची ती रेघ तिथे टिकली नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातल्या 32 निवृत्त शॉर्ट सर्व्हिस महिला अधिकाऱ्यांचा विचार केला. त्यांना परत नोकरीवर घेणे शक्य नव्हते, मधल्या वर्षांचा पगारही दिला नाही. पण वीस वर्षे पुरी झाली असे मानून त्यांना पेन्शनच्या हक्कात घेण्याचा रस्ता काढला. झालेली वेळ परत आणता येत नाही, पण कागदावर न्याय करता येतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल. सैन्यात महिलांना कायम कमिशन देण्याचा फेब्रुवारी 2020 चा निकाल आला, त्यानंतर जानेवारी 2023 मध्ये कर्नल पदासाठी 108 जागांचे खास निवड मंडळ बसले आणि 244 महिला अधिकाऱ्यांचा विचार झाला. उशीर झाला होता, पण व्यवस्थेने मागे जाऊन हिशेब जुळवला.

पुण्याचे श्रीकांत पुरोहित 2008 मध्ये अटकेत गेले तेव्हा लेफ्टनंट कर्नल होते. 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि सप्टेंबरात ते कर्नल झाले. त्या खटल्याबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. थांबलेली बढती पुन्हा चालू करायची वाट आपल्या सैन्याला माहीत आहे, एवढेच मी त्यातून घेतो.

आणि अगदी वरच्या पायरीवर पाहावे. जनरल करिअप्पा जानेवारी 1953 मध्ये निवृत्त झाले. त्यांना फील्ड मार्शल केले 1986 मध्ये, तेहतीस वर्षांनी. एअर चीफ मार्शल अर्जन सिंग 1969 मध्ये निवृत्त झाले, त्यांना मार्शल ऑफ द एअर फोर्स हा हुद्दा 26 जानेवारी 2002 रोजी दिला गेला. दोन्ही वेळा साऱ्या देशाला ते योग्यच वाटले. तेव्हा कुणी म्हणाले नाही की आता ते कुठल्या फौजेचे नेतृत्व करणार. निवृत्तीनंतर हुद्दा दिला तर सैन्याची घडी विस्कटते, हा आक्षेप त्या दोन दिवसांनंतर उरत नाही.

परदेशातले एक उदाहरण मला फार जवळचे वाटते. अमेरिकी सैन्यातले कृष्णवर्णीय कर्नल चार्ल्स यंग. पहिल्या महायुद्धात ते ब्रिगेडियर जनरल होण्याच्या उंबरठ्यावर होते. 1917 मध्ये प्रकृतीचे कारण देऊन त्यांना निवृत्त केले. आपण ठणठणीत आहोत हे दाखवण्यासाठी 1918 च्या जूनमध्ये ते ओहायोतल्या विल्बरफोर्सहून घोड्यावरून निघाले आणि जवळजवळ 500 मैल दौडत वॉशिंग्टनला पोचले. तरीही बढती मिळाली नाही. ती मिळाली 2022 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. अमेरिकेने चूक सुधारली याचे कौतुक आहे, पण मला त्यातली शंभर वर्षे टोचतात. आमच्यातले जे आज हयात आहेत त्यांच्या बाबतीत तरी हे जिवंतपणी व्हावे.

मानद हुद्दा म्हणजे काही नवी गोष्ट नाही. प्रत्येक प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी जेसीओंना मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन केले जाते, राजपत्रात नावे येतात, गावात पेढे वाटले जातात. सचिन तेंडुलकर यांना हवाई दलाने 2010 मध्ये मानद ग्रुप कॅप्टन केले. महेंद्रसिंह धोनी 2011 मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल झाले, नीरज चोप्रा 2025 मध्ये. त्यांनी देशाची मान उंचावली आणि सैन्याने त्यांना आपले म्हटले, हे मला मनापासून आवडते. वर्दीला अशी माणसे जोडली गेली की पोरांना वर्दी हवीशी वाटते. हुद्दा हा सन्मान म्हणूनही देता येतो, त्यासोबत हुकूमत, पगार, पेन्शन यातले काही यावेच लागत नाही, ही गोष्ट यातून सरकारनेच सिद्ध केली आहे. आम्ही तेवढेच मागतो आहोत, आणि आमच्याकडे त्या हुद्द्याचे काम केल्याची नोंदही आहे.

आता आक्षेपांकडे येतो, कारण फाईलवर ते लिहिले जाणारच.

खर्च वाढेल, असे कुणी म्हणेल. आम्हा शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना पेन्शनच नाही, तेव्हा हुद्दा वाढल्याने पेन्शन वाढण्याचा प्रश्न येत नाही. वन रँक वन पेन्शनची चर्चा देशभर गाजली तेव्हाही आम्ही तिच्या बाहेरच होतो. 2019 मध्ये आपल्या मंत्रालयाने ईसीएचएस या माजी सैनिकांच्या योजनेतली वैद्यकीय सोय दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना, 1962 नंतरच्या आणीबाणी कमिशनवाल्यांना आणि आम्हाला खुली केली, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. त्या आदेशाने कळले की आमची नावे मंत्रालयाच्या दफ्तरात आहेत आणि हवी तेव्हा सापडतात.

बढती निवडीने मिळते, सरसकट नाही, असेही म्हटले जाईल. कर्नल आणि वरच्या हुद्द्यांच्या बाबतीत ते खरे आहे. मेजर ही पायरी आज वेळश्रेणीची आहे. सहा वर्षे, पार्ट बी, शिस्तीची स्वच्छ नोंद, एवढे पुरते. आमच्यासाठीही तेवढ्याच अटी ठेवाव्यात. ज्यांनी पार्ट बी दिली नाही, ज्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, त्यांना यातून वगळावे. सूट कुणालाही नको.

उद्या प्रत्येकजण मागे जाऊन बढती मागेल, ही भीती मला समजते. म्हणून मागणी मुद्दाम अरुंद ठेवली आहे. फक्त मुदतीची सेवा, एक ठरलेली तारीख, आजच्या वेळश्रेणीची पायरी, आणि तीही मानद. यापलीकडे आमच्यातलेच कुणी गेले तर मी त्यांच्याबरोबर नसेन.

एवढी धडपड कशासाठी, असे माझ्या जवळच्यांनीही विचारले. वय सत्तरीकडे झुकले, शेती बरी चालली आहे, या बाजूचा चिन्नोर तांदूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसला, मग आता मेजर होऊन काय मिळणार? ज्यांनी वर्दी घातली नाही त्यांनी असे विचारावे यात गैर काही नाही. पण सैन्यात हुद्दा म्हणजे तुम्ही कशाची जबाबदारी घेतली होती त्याची नोंद असते. राष्ट्रपतींच्या सहीचा कमिशनचा कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर देशाने माझ्यावर ठेवलेला विश्वास लिहिला आहे. त्या विश्वासाचे पुढे काय झाले, हे बाहेर पडतानाच्या कागदावर लिहिले जाते. ती नोंद अपुरी राहिली आहे आणि ती पुरी करता येण्यासारखी आहे.

याला आणखी एक बाजू आहे आणि मला ती माझ्यापेक्षा मोठी वाटते. बालाघाटला बढतीचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. बैहर, लांजीच्या जंगलांत नक्षलवाद्यांशी झुंजणाऱ्या पोलिसांना आणि हॉक फोर्सच्या जवानांना 2025 च्या जूनमध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी बालाघाटात येऊन क्रमाच्या आधी बढती दिली. जवानांच्या खांद्यावर नवी चिन्हे लागताना त्यांच्या आयाबाया डोळे पुसत होत्या. वेळेच्या आधी दिलेल्या त्या हुद्द्याने साऱ्या दलाला बळ आले. ज्यांचा हुद्दा वेळेनंतरही आला नाही, त्यांच्याकडे आता तसेच पाहावे.

आज पहाटे पाचला वारासिवनीच्या मैदानावर गेलात तर तीस-चाळीस पोरे धावताना दिसतील. कुणी कटंगीहून सायकलने आलेला, कुणी खाणीत काम करणाऱ्या बापाचा. जून 2022 मध्ये अग्निपथ आल्यापासून त्यांना ठाऊक आहे की चार वर्षांनी चारातला एकच सैन्यात राहणार. तरी धावतात. मला पाहिले की थांबतात, उंची-छाती-धावेची वेळ विचारतात. अलीकडे एकाने विचारले, “साहेब, चार वर्षांनी परत आलो तर आपल्याला काय म्हणतील?” मी त्याला सांगितले की तू सैनिकच राहशील. माझ्या शब्दाला सरकारच्या शब्दाचे पाठबळ असले तर बरे होईल. थोड्या मुदतीसाठी सर्वस्व द्यायला देश आता लाखो तरुणांना बोलावतो आहे. मुदत संपवून घरी गेलेल्यांशी देश कसा वागतो, हे ती पोरे आमच्याकडे पाहूनच शिकतात. अजय विक्रम सिंह समितीनेही अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांची संख्या वाढवा आणि त्यांना सन्मानाने बाहेर पडता येईल असे करा, असे सुचवले होते. हुद्द्यांचा भाग झाला, हा भाग मागे पडला.

सगळ्यात आधी मात्र आमच्याही आधीच्यांकडे पाहावे, अशी विनंती आहे. 1962 च्या पराभवानंतर सरकारने आणीबाणी कमिशन काढले, पुणे आणि मद्रासला अधिकारी तयार करण्याच्या शाळा उघडल्या, आणि कॉलेजातली, शाळेत शिकवणारी, बँकेत रुजू झालेली मुले काही महिन्यांत सेकंड लेफ्टनंट होऊन सीमेवर गेली. 1965 चे युद्ध त्यातल्या कितीतरी जणांनी पलटणीत लढले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने त्यांना सोडण्यात आले. कुणी लेफ्टनंट म्हणून गेला, कुणी कॅप्टन म्हणून. आज ते ऐंशी ओलांडलेले आहेत. आजच्या मोजपट्टीने दोन वर्षे पुरी करणारा लेफ्टनंट कॅप्टन होतो आणि सहा वर्षे पुरी करणारा कॅप्टन मेजर. तीच मोजपट्टी त्यांना आधी लावा. त्यांचे आदेश आमच्या आधी निघाले तर आमच्यातला एकही जण तक्रार करणार नाही.

त्यांच्यातले जे गेले त्यांच्या पत्नींना, मुलांना ते पत्र मिळावे. भंडाऱ्याकडच्या एका घरी मी गेलो होतो. भिंतीवर वर्दीतला फोटो, खाली रंगवून घेतलेल्या अक्षरांत नाव आणि ‘लेफ्टनंट’. आजीबाईंनी मला विचारले, “हे बदलता येतं का हो?” मी म्हटले, अर्ज करू या. त्यांच्या वतीनेही हे पत्र.

मंत्रालयाला यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. आदेशात एवढे असले तरी पुरे आहे :

16 डिसेंबर 2004 पूर्वी मुक्त झालेल्या शॉर्ट सर्व्हिस आणि आणीबाणी कमिशनच्या अधिकाऱ्यांना, आजच्या वेळश्रेणीप्रमाणे त्यांच्या सेवेला जो हुद्दा लागू झाला असता तो मानद म्हणून द्यावा. परीक्षेची आणि शिस्तीची अट कायम राहावी. त्यातून कोणताही आर्थिक लाभ किंवा ज्येष्ठता मिळणार नाही हे स्पष्ट लिहावे. मृत अधिकाऱ्यांच्या बाबतीत आदेश जवळच्या नातेवाइकांना पाठवावा. आणि अर्ज करण्याची वाट पाहू नये, कारण त्यातले पुष्कळजण आता अर्ज करण्याच्या स्थितीत नाहीत. नोंदी आपल्याकडे आहेत.

मनोहर पर्रीकर या मंत्रालयात असताना 2015 मध्ये त्यांनी सैनिकांच्या तक्रारी कोर्टाबाहेर सोडवता याव्यात म्हणून तज्ज्ञांची समिती नेमली होती. त्यात निवृत्त सेनाधिकारी होते, कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग होते, आणि प्रादेशिक सेनेचे मेजर नवदीप सिंग होते, म्हणजे राखीव फौजेचा अनुभव असलेला माणूसही होता. सैनिकाला आपल्याच सरकारविरुद्ध कोर्टात उभे राहावे लागू नये, ही त्यामागची भावना मला आठवते. जबलपूरला सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. छोटी लाईन जाऊन ब्रॉडगेज झाल्यापासून बालाघाटहून तिथे जाणे सोपेही झाले आहे. मला तिथे जायचे नाही. ज्या सैन्याची वर्दी मी घातली त्याच्याविरुद्ध शपथपत्र लिहायला माझा हात धजावत नाही, आणि ऐंशी वर्षांच्या माणसांकडून तशी अपेक्षा करू नये.

आपल्या कार्यालयाला काही विचारायचे असेल, कागद पाहायचे असतील, तर जबलपूरला, नागपूरला किंवा दिल्लीला, म्हणाल तिथे, मी स्वखर्चाने येईन. माझ्याबरोबर आणीबाणी कमिशनचे दोन ज्येष्ठ अधिकारी यायला तयार आहेत. त्यातल्या एकांना आता चाकाच्या खुर्चीवरून यावे लागेल, म्हणून भेट तळमजल्यावर ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कॅप्टन (शॉर्ट सर्व्हिस कमिशन, पायदळ)
वारासिवनी, जिल्हा बालाघाट